तेलाचा योग

जमिनीखाली तेलाची तळी असतात, असा समज अजूनही पुष्कळांचा आहे. प्रत्यक्षात विटेत पाणी मुरावं तसं तेल खडकाच्या बारीक छिद्रांत मुरलेलं असतं. ते तिथे साठायला पाच गोष्टी जुळाव्या लागतात: सेंद्रिय अवशेषांनी भरलेला जनक खडक, तो शिजवणारी उष्णता, सच्छिद्र साठवण खडक, वर घट्ट झाकण आणि तेल अडवणारा उंचवटा. त्यांचा क्रमही चुकून चालत नाही. उंचवटा तयार होण्याआधीच तेल वाहून गेलं, तर बाकी सगळं असून नसल्यासारखं.

मुंबईच्या पश्चिमेला सुमारे 160 किलोमीटरवर, भर समुद्रात, हा योग जुळून आला. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वाहिला. पुढे किनाऱ्याबाहेरचा तळ खचत गेला आणि त्यातल्या खोलगट भागांत चिखलासोबत वनस्पतींचे अवशेष गाडले गेले. वरचं ओझं वाढलं, तसं तापमानही वाढलं. साधारण 60 ते 120 अंश सेल्सिअसला अशा अवशेषांपासून तेल बनतं. शेजारच्या उंचवट्यावर उथळ समुद्रात मायोसीन काळात चुनखडक साचला होता. पाण्याने त्यातला चुना जागोजागी विरघळवून पोकळ्या केल्या. तेल पाण्याहून हलकं, म्हणून ते खोलातून वर सरकत या पोकळ्यांत आलं आणि शेल या घट्ट खडकाच्या थरांखाली अडकलं. हेच मुंबई हाय.

सेस्मिक सर्वेक्षणात ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनींवरून उंचवट्याचा आकार दिसतो. आत तेल आहे की खारं पाणी, याची खात्री विहीरच देते. मुंबई हायच्या बाबतीत ती फेब्रुवारी 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगने खोदलेल्या विहिरीने दिली. मे 1976 मध्ये उत्पादन सुरू झालं.

रिगवर माझं काम सुरू होतं ते शेल शेकरपाशी, म्हणजे विहिरीतून येणारा मड गाळणाऱ्या हलत्या चाळणीपाशी. मड म्हणजे खोदताना विहिरीत फिरवलेला द्रव; त्याच्याबरोबर वर आलेले खडकाचे कण, म्हणजे कटिंग्ज, मी धुते, सूक्ष्मदर्शकाखाली पाहते, मग अतिनील दिव्याखाली धरते. तेल असेल तर कण पिवळसर उजळतात. त्यावर द्रावकाचा थेंब टाकला की उजळ धारा बाहेर पसरते. यंत्राचं ग्रीसही असंच उजळतं, म्हणून कण फोडून आतूनही पाहायचा. काही नमुन्यांत सूक्ष्म जीवाश्म सापडतात आणि त्यांवरून थराचं वय कळतं.

आता हिशेब पाहा. सुरुवातीला सांगितलेल्या पाचही गोष्टी असण्याची शक्यता प्रत्येकी 70 टक्के धरली, तरी पाचही एकत्र असण्याची शक्यता उरते जेमतेम 17 टक्के. नव्या प्रदेशातल्या बहुतेक विहिरी कोरड्या निघतात, त्यामागे हेच गणित आहे.

म्हणून कोरड्या विहिरीची बातमी वाचाल, तेव्हा पैसे पाण्यात गेले असं म्हणू नका. पाचांतली कोणती गोष्ट तिथे कमी पडली, हे त्या विहिरीतल्या खडकानेच सांगितलेलं असतं. पुढची विहीर कुठे घ्यायची आणि कुठे घ्यायची नाही, ते त्यावरूनच ठरतं.