हायब्रिड गाडीतला अबोला

हायब्रिड गाडीत इंजिन, मोटर, इन्व्हर्टर, मोठी बॅटरी आणि ब्रेक यांना आपापली कंट्रोल युनिट असतात. चाकाला जोर कोणी आणि किती द्यायचा हे ती सतत एकमेकांना निरोप धाडून ठरवतात. निरोप जातात ते ‘कॅन’ नावाच्या दोन बारीक, एकमेकींना पीळ दिलेल्या वायरींवरून. बॉश कंपनीने १९८६ साली ही पद्धत जगापुढे मांडली. निरोप तुटले की हायब्रिड यंत्रणा जोखीम घेत नाही. बहुतेक वेळा ती मोठ्या बॅटरीचे रिले जोडतच नाही. टाकी भरलेली, इंजिन ठणठणीत, तरी ‘रेडी’ दिवा लागत नाही आणि गाडी जागची हलत नाही.

शिरूर आणि दौंडमधून जाणाऱ्या अहिल्यानगर आणि सोलापूर महामार्गांवर २०२२ मध्ये आलेल्या हायरायडर, ग्रँड व्हिटारा, इनोव्हा हायक्रॉस आता नवलाईच्या राहिलेल्या नाहीत. त्याआधीची २०१५ ची सियाझ एसएचव्हीएस सौम्य हायब्रिड होती. तिच्यात उच्च दाबाची वेगळी बॅटरी नव्हती. हायरायडरच्या बॅटरीचा दाब मात्र १७७ व्होल्टच्या घरात आहे. म्हणून तपासणीत उच्च दाबाच्या नारिंगी केबलला हात लावायचा नाही. लावण्याची वेळ आलीच, तर रबरी हातमोजे घालून सर्व्हिस प्लग काढायचा, कंपनीच्या पुस्तकात दिलेला वेळ थांबायचे आणि दाब शून्यावर आल्याचे मीटरवर पाहायचे. दिलासा एवढाच की संवादातला बहुतेक दोष नारिंगी केबलमध्ये नसतो, बारा व्होल्टच्या साध्या बाजूला असतो.

स्कॅनर लावला की ‘यू’ने सुरू होणारे कोड दिसतात. यू ०१०० म्हणजे इंजिनाच्या युनिटशी संपर्क तुटला, यू ०२९३ म्हणजे हायब्रिडच्या युनिटशी. इथेच पैसे वाया जातात. कोडात ज्याचे नाव आले तेच युनिट बिघडले असे धरून नवे मागवले जाते. खरे तर कोड नोंदवणाऱ्याने इतकेच सांगितलेले असते की अमक्याचा निरोप मला आला नाही. तो का आला नाही, हे त्यालाही ठाऊक नसते. म्हणून आधी स्कॅनरशी कोण बोलते आणि कोण बोलत नाही याची यादी करावी. एकच युनिट गप्प असेल तर त्याचा फ्यूज, अर्थिंग आणि कप्लर पाहावा. एकाच फांदीवरची दोन-तीन गप्प असतील तर ती फांदी जिथे जोडली आहे ती जागा शोधावी. सगळीच गप्प असतील तर मुख्य जोडी शॉर्ट झालेली असते, नाहीतर बारा व्होल्टचा पुरवठाच पडलेला असतो.

या शेवटच्या शक्यतेवर हायब्रिडमध्ये जास्त भर द्यावा लागतो. साध्या गाडीत बॅटरी उतरली की स्टार्टर कट-कट आवाज करून ते सांगतो. पूर्ण हायब्रिडमध्ये इंजिन मोटरच फिरवते. आवाज करायला तिथे स्टार्टरच नसतो. बारा व्होल्टची छोटी बॅटरी उतरते तेव्हा युनिट अर्धवट जागी होतात, एकमेकांना सापडत नाहीत आणि स्कॅनरवर कोडांची रांग लागते. ही बॅटरी चार्ज होते ती ‘रेडी’ लागलेला असतानाच. रांजणगावच्या पार्किंगमध्ये नुसती अॅक्सेसरी चालू ठेवून तासभर गाणी ऐकली, तरी एवढ्यावर हे प्रकरण उद्भवू शकते. म्हणून कोड वाचण्याआधी मीटर लावून व्होल्ट पाहावेत. बॅटरी उतरलेली असताना साठलेल्या कोडांवर विश्वास ठेवू नये.

मग तारांची पाळी. जोडीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो, म्हणून ओबीडी सॉकेटच्या ६ आणि १४ नंबरच्या पिनांत मीटरने ६० ओहम दाखवायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटले. शून्याजवळ आले तर दोन वायरी चिकटल्या. मोजताना बॅटरीची तार काढलेली हवी, नाहीतर आकडा खोटा येतो. शिवाय अनेक गाड्यांत हे सॉकेट गेटवेपर्यंतच पोहोचते. तिथले ६० ओहम आतल्या दुसऱ्या जोडीची हमी देत नाहीत. चालू गाडीत निवांत अवस्थेत दोन्ही वायरींवर अडीच व्होल्ट असतात. निरोप जाताना एक साडेतीनकडे चढते, दुसरी दीडकडे उतरते. क्षणापुरता येणारा दोष मीटरच्या सरासरीत बुडतो, त्याला स्कोपच लागतो.

वायर का तुटते, याची उत्तरे मात्र मुलखाप्रमाणे बदलतात. भीमा आणि घोडच्या काठचा हा उसाचा पट्टा आहे. तोड सुरू झाली की फडातले उंदीर आसरा शोधतात, आणि बोनेटखालची ऊब त्यांना आवडते. वॉशिंग सेंटरच्या जोराच्या फवाऱ्याने कप्लरमध्ये पाणी शिरते. पिनेवर हिरवट थर चढायला काही आठवडे लागतात, तोवर धुतल्याची आठवणही उरत नाही. तिसरे कारण माणसाने आणलेले: ट्रॅकर किंवा मोठ्या पडद्याचा स्टिरिओ बसवताना हाताशी आली ती वायर सोलून मारलेला टॅप. गिऱ्हाइकाला ‘काही नवीन बसवलंय का?’ असे विचारले तर तो नाही म्हणतो. सीट कव्हरच्या दुकानात कधी गेला होता ते विचारावे.

जागा सापडेना, तर कप्लर एकेक करून काढत स्कोपवरची रेषा सुधारते का ते पाहतात. टोकाचा रोध ज्या युनिटमध्ये आहे ते काढल्यावर १२० दिसणारच, तो नवा दोष नव्हे. जोड द्यायचा तो झाळून, दोन्ही वायरींचे सांधे मागेपुढे ठेवून आणि पीळ परत तसाच घालून. इन्व्हर्टरचा विद्युत गोंगाट शेजारीच असतो, आणि पीळ सुटलेला तुकडा तो उचलतो. ट्रॅकरला स्वतःचा फ्यूज आणि वेगळी वायर द्यावी. कोड पुसून न्हावरे–चौफुला रस्त्यावर गाडी हादरे खात फिरवावी, हार्नेस जागोजागी हलवून पाहावा, आणि परतल्यावर कोड पुन्हा वाचावेत.