जुनं सागवान, नवं घर

आमगावच्या आमच्या बैठकीत नवा सोफा आला, पण आजेसासऱ्यांची सागवानी संदूक हलवायची नाही, हे सगळ्यांनी मिळून ठरवलं. आता ती सोफ्यासमोर आहे, चहाचे कप तिच्यावरच टेकतात. तिला चकचकीत पॉलिश नको वाटलं. जवसाच्या तेलाचा पातळ हात दिला, जास्तीचं तेल पुसून काढलं, आणि लाकडाची रेघ न् रेघ उठून आली. तेलाची फडकी मात्र अंगणात पसरून वाळवली. गोळा करून टाकली तर ती आपोआप पेट घेऊ शकतात.

कोनाड्यात पितळी पायली आहे. चार शेरांचं हे माप या धानाच्या मुलखात घरोघरी होतं. मुलं ते हातात घेतात, प्रश्न विचारतात.

अशाच जुन्या वस्तू दिनकर केळकरांनी १९२०च्या सुमारास जमवायला सुरुवात केली. अडकित्ते, दिवे, कोरीव दारं... पुण्यातल्या त्यांच्या संग्रहालयाला अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं नाव आहे. रोजच्या वापरातली वस्तूही जपण्याजोगी असते, हे तिथे पटतं.

घरात मात्र जुनं मोजकंच ठेवावं, आणि जे ठेवू ते वापरावं. आमच्या गोधड्या त्या संदुकीतच आहेत.