दिवसाची वीज

गेल्या माघांतील रथसप्तमीची गोष्ट. घरच्या रिवाजाप्रमाणें अंगणांत गोवऱ्यांवर दुधाचें बोळकें ठेवलें होतें, आणि दूध कोणत्या दिशेला उतूं जातें इकडे लहानथोर सारे डोळे लावून बसले होते. इतक्यांत पुतण्या शेताकडे निघाला. "रात्रींच कां नाहीं गेलास?" असें संवयीनें माझ्या तोंडून निघून गेलें. तो हंसून म्हणाला, "काका, आतां आपली मोटर रात्रीं चालतच नाहीं. दूध उतूं जाईल, ऊन वर येईल, मग तीही चालेल." बोलणें थट्टेचें होतें, पण तीस-पस्तीस वर्षें मुलांकडून सूर्याचीं बारा नांवें घोकून घेतलेल्या माझ्यासारख्या शाळामास्तरास त्यानें विचारांत पाडलें.

ज्यांचा शेतीशीं संबंध बाजारच्या पिशवीपुरता उरला आहे, अशा वाचकांस 'रात्रीचीं दारें धरणें' म्हणजे काय तें सांगितलें पाहिजे. आमची राहुरी मुळेच्या काठची. बारागांव नांदूरचें धरण झालें, कालवे आले, ऊंस वाढला. पण विहिरीचें पाणी उपसावयाचें तें विजेनेंच. शेतीची वीज वर्षानुवर्षें आळीपाळीनें मिळे, आठवड्यांतील कांहीं दिवस दिवसा आणि उरलेले दिवस रात्रीं. रात्रींची पाळी आली कीं एका हातांत बॅटरी व दुसऱ्यांत फावडें घेऊन माणसानें उसाच्या सऱ्यांतून चिखल तुडवीत फिरावें, हें दार फोडावें, तें बांधावें. बिबट्या उसांतच वस्तीला, आणि साप तर बांधोबांधीं! अठरा वर्षांपूर्वीं माझ्या धाकट्या बंधूस अशाच एका रात्रीं घोणस डसली. अकरा दिवस रुग्णालयांत काढून तो वांचला, हें आमच्या वडिलांचें पुण्य. उजवा पाय मात्र आजही नीट टेकत नाहीं. तेव्हांपासून घरचें कोणी रात्रीं शेतावर असलें, म्हणजे माझी भावजय ओसरीवर तांदूळ निवडीत बसे. निवडलेलेच तांदूळ ती पुन्हां निवडीत आहे, हें सर्वांस ठाऊक असे. बोलत कोणी नसे.

२०२४ सालीं 'मागेल त्याला सौर कृषिपंप' ही योजना निघाली. किंमतीचा दहावा हिस्सा शेतकऱ्यानें भरावयाचा आणि बाकीचा भार सरकारनें सोसावयाचा, असा तिचा नियम. पुतण्यानें अर्ज केला व यथावकाश विहिरीच्या कडेला काळ्या-निळ्या प्लेटा उभ्या राहिल्या. त्यांतील सिलिकॉनवर ऊन पडलें कीं विद्युत् प्रवाह सुरू होतो. इंधन नाहीं, धूर नाहीं, आवाजही नाहीं. आभाळ भरून आलें कीं पंप मंदावतो खरा. पण आभाळ भरलेलें असतां पिकालाही पाण्याची तेवढी ओढ नसते. सूर्य मावळला कीं सारेंच थांबतें. प्रथम हा मला मोठा दोष वाटला होता. आमच्या घराला त्याचाच सर्वांत मोठा उपकार झाला, हें पुढें उमगलें.

या विद्येचा पृथ्वीवर प्रसार कसा झाला, तेंही पाहण्याजोगें आहे. प्रकाशापासून वीज उत्पन्न होते, हें फ्रान्सांतील बेकेरेल यानें १८३९ सालींच पाहिलें होतें. उपयोगीं पडेल असा सिलिकॉनचा घट अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेनें १९५४ मध्यें सिद्ध केला. सूर्य जेथें अधिक तळपतो तेथें ही विद्या आधीं रुजावी, असें कोणासही वाटेल; प्रत्यक्षांत तिनें मूळ धरलें तें ढगाळ जर्मनींत! कारण छपरावर वीज करणाऱ्यास तिचा ठराविक भाव वीस वर्षें मिळावा, असा कायदा तेथें २००० सालीं झाला. पुढें चीननें प्लेटांचे प्रचंड कारखाने काढले, किंमती कोसळल्या, आणि २०२२ मध्यें जगाची सौरक्षमता १० लाख मेगावॅटांच्या घरांत पोंचली. आपल्याकडे राष्ट्रीय सौर अभियान २०१० चें. राजस्थानांत भडला येथें २,००० मेगावॅटांहून मोठें सौरक्षेत्र झालें, आपल्या धुळें जिल्ह्यांत साक्री तालुक्यांत २०१३ सालीं १२५ मेगावॅटांचा प्रकल्प झाला, आणि २०२५ च्या जानेवारींत भारतानें एक लाख मेगावॅटांचा टप्पा ओलांडला. ऊन आमच्या माथ्यावर पिढ्यान् पिढ्या होतेंच. उणीव होती ती तें वळवून घेणाऱ्या व्यवस्थेची.

ती व्यवस्था आतां आमच्या दाराशीं येऊन उभी आहे. मुख्यमंत्री सौर कृषिवाहिनी योजना २०१७ सालीं निघाली, तेव्हां आरंभींच्या प्रयोगासाठीं आमच्याच जिल्ह्यांतील राळेगणसिद्धीची निवड झाली होती. २०२३ पासून तिचा दुसरा टप्पा सुरू झाला. वीज-उपकेंद्राजवळची जमीन भाड्यानें घ्यावी, तेथें सौरकेंद्र उभारावें आणि आसपासच्या साऱ्या शेतांस दिवसा वीज द्यावी, असा तिचा हेतु. भाडें हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये. कुळकायद्यानंतर आमच्याकडे जें उरलें, त्यांत खडकाळ माळाचा एक तुकडा आहे. तो द्यावा असें पुतण्याचें म्हणणें. बंधु मात्र अडून बसला. "दादा, पिकत नसेल, पण ती वडिलांनीं राखलेली जमीन. शिवाय धनगरांचीं मेंढरें दर वर्षीं तेथें उतरतात. त्यांनीं कोठें जावें?"

प्रश्न खोटा नव्हता. मजजवळ उत्तर नव्हतें. भावजय वाढीत होती, ती वाढतां वाढतांच म्हणाली, "आपलीं माणसें आतां रात्रीं घरीं असतात. पलीकडच्या वस्तीवरच्या बॅटऱ्या मला अजून दिसतात."

त्यानंतर बराच वेळ पानावर कोणी बोललें नाहीं. शेवटीं बंधु म्हणाला, "ओढ्याकडची पट्टी मेंढरांना ठेवा. बाकीच्या कागदावर मी सही करतों."

अर्ज गेला आहे. निकाल अद्याप यावयाचा आहे. तोंवर पलीकडच्या उसांत रात्रींच्या बॅटऱ्या फिरतच आहेत, आणि ओसरीवर बसून त्या मोजणारें एक माणूस आमच्या घरांत अजून जागें आहे.