चालू घडामोडी

आमच्या दारात वर्तमानपत्र पडतं तेव्हा ते अखंड असतं. २०२१ ते २०२५ ही चार वर्षं मात्र ते माझ्या हातात येईपर्यंत त्याला खिडक्या पडलेल्या असत. अग्रलेखाच्या जागी मोठं चौकोनी भोक, आतल्या पानावर दोन उभी भोकं, आणि अर्थखात्याच्या बातमीच्या पाठीमागे नेमकं शब्दकोडं असल्यामुळे तेही केंद्र सरकारच्या धोरणाबरोबर गेलेलं. पेपर तोंडासमोर धरला की भोकातून पलीकडे भाजी निवडत बसलेली सौ. दिसायची आणि तिला मी. लग्नाला अठरा वर्षं झाल्यावर माणूस पेपर उघडतो तो काही एकमेकांकडे बघता यावं म्हणून नव्हे. रद्दीवाला तर एकदा गठ्ठा चाळून म्हणाला, "साहेब, ह्यात दाण्याची पुडी बांधली तर घरी नुसती पुडीच पोचेल."

ही कात्री आमच्या भाच्याची. माझी ताई बीड जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी असते. दाजी शाळामास्तर. मुलगा बी. एस्सी. अ‍ॅग्री झाला आणि त्याच दिवशी सगळी भावकी त्याला 'कलेक्टर' म्हणायला लागली. परीक्षा तेवढी द्यायची राहिली होती. आमच्याकडे हे असंच असतं. पोरगा भरतीला धावायला लागला की तो 'फौजदार' होतो. मी बँकेत चिकटलो तेव्हा मला सगळे 'मॅनेजर' म्हणू लागले. त्याला वीस वर्षं झाली. ते अजून मॅनेजर म्हणतात आणि मी अजून क्लार्क आहे. त्यामुळे असल्या आगाऊ पदव्यांची मला जरा धास्तीच वाटते.

तर हे कलेक्टर एक वळकटी आणि पुस्तकांची तीन खोकी घेऊन पुण्याला आले आणि आमच्या हॉलच्या कोपऱ्यात स्थानापन्न झाले. बँकेत ज्या रकमेचं काय करायचं ते ठरलेलं नसतं ती आम्ही 'सस्पेन्स' खात्यात टाकतो. घरात तसा भाचा. जमेला की नावे, ते निकाल लागल्यावर बघू.

"अरे, मोबाईलवर सगळं फुकट मिळतं, मग कापतोस कशाला?" मी एकदा विचारलं.

"मामा, हातानं कापलं की डोक्यात राहतं."

ते डोक्यात किती राहिलं ते सांगता येत नाही, पण घरात बरंच सांडलं. दिल्लीच्या पूर्व परीक्षेत शंभर प्रश्न आणि दोनशे गुण. उत्तर चुकलं की त्या प्रश्नाच्या गुणांचा एक तृतीयांश वर दंड. त्यातून २०२३ साली पेपर काढणाऱ्यांनी तीन-तीन विधानं देऊन 'वरीलपैकी किती विधाने बरोबर आहेत?' असं विचारण्याचा सपाटाच लावला. फक्त एक, फक्त दोन, तिन्ही, की एकही नाही. हे आमच्या स्वयंपाकघरापर्यंत आलं.

"अरे, दूध संपलंय, इस्त्रीचे कपडे आणायचेत, आणि तुझे मामा अजून आंघोळीला गेले नाहीत," असं सौ. म्हणाली की आतून आवाज येई, "मामी, फक्त दोन विधानं बरोबर."

"कोणती दोन?"

"ते विचारलेलं नसतं."

माझीही भाषा त्यानं सुधारली. खालच्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी सोसायटीच्या वर्गणीचे पैसे पुन्हा बुडवले तेव्हा मी जिन्यातच म्हणालो, "चारसोवीस आहे लेकाचा!"

"मामा, चारसोवीस बंद झालं. १ जुलै २०२४. अठराशे साठची दंड संहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली. फसवणूक आता कलम तीनशे अठरा."

"मग तीनशे अठरा म्हणू?"

"पोटकलम चार."

शिवी देताना पोटकलम सांभाळायचं म्हणजे तोवर देणेकरी लिफ्टनं खाली पोचून रिक्षात बसतो. कायदे बदलणारांनी ह्याचा विचार करायला हवा होता.

रात्री जेवण झालं की तो माझी परीक्षा घ्यायचा. मी बी. कॉम., त्यात बँकेतला, म्हणून प्रश्न अर्थव्यवस्थेवर.

"जनधन योजनेचा प्रारंभ?"

मी विचारात पडलो. तारीख काही आठवेना. आठवला तो एक म्हातारा. त्या दिवसांत आमच्या शाखेत खाती उघडायला एवढी गर्दी लोटायची, की शाईच्या पॅडवर अंगठे उमटवून घेता घेता माझ्याच अंगठ्याचे ठसे पुसले गेले असावेत. हा म्हातारा अंगठा उमटवून पुढे दोन तास बाकावर बसून राहिला. शेवटी मी विचारलं, "बाबा, झालं की काम तुमचं." तर म्हणाला, "पैसे कधी मिळायचे?" शून्य शिल्लक म्हणजे आपण शून्य भरायचे आणि उरलेले सरकारनं, असा त्याचा हिशोब होता.

"२८ ऑगस्ट २०१४," भाच्यानं मला नापास केलं. "आणि २३ ते २९ ऑगस्ट ह्या आठवड्यात खाती किती उघडली? गिनीज बुकात नोंद आहे. एक कोटी ऐंशी लाख शहाण्णव हजार एकशे तीस."

मला उगाच भरून आलं. शेवटचे ते एकशे तीस बहुधा आमच्या शाखेचे असावेत.

नोटाबंदीच्या वेळी तर मी त्याला शिकवीन अशा घमेंडीत होतो. ८ नोव्हेंबर २०१६ ही तारीख निदान बँकवाला विसरत नाही. आधी माणशी चार हजार बदलून द्यायचे होते, १४ तारखेला साडेचार हजार झाले, १८ ला दोन हजारांवर आले, आणि २४ नंतर नोटा बदलून देणंच बंद, फक्त खात्यात भरून घ्यायच्या. मधेच बोटाला शाई लावायचं फर्मान निघालं. सकाळी घरून निघताना पाठ केलेला नियम बँकेत पोचेपर्यंत शिळा झालेला असायचा. त्या गर्दीत एक आजी आल्या. लुगड्याच्या ओच्यातून पाचशेच्या नऊ नोटा काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवल्या आणि हळूच म्हणाल्या, "आमच्या घरी सांगू नका हो." नोटांना हिंगाचा वास येत होता. किती वर्षं डब्यात होत्या देव जाणे.

मी हे सगळं रंगून सांगितलं. भाच्यानं वही मिटली आणि म्हणाला, "मामा, ह्याला गुण नाहीत. 'निश्चलनीकरणाचे परिणाम, दीडशे शब्दांत.' त्यात रद्द नोटांपैकी ९९.३ टक्के रिझर्व्ह बँकेकडे परत आल्या, हे पाहिजे."

हिंग कुठल्याच मुद्द्यात बसत नव्हता. मी गप्प झोपायला गेलो.

मग आला २०२४ चा ऑगस्ट. १७ तारखेला बालेवाडीला लाडक्या बहिणीचा मोठा समारंभ झाला, आणि त्याच्या आधीपासूनच तमाम बहिणी आमच्या शाखेत होत्या. वय २१ ते ६५, कुटुंबाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत, महिना दीड हजार, हे सगळं भाच्याच्या वहीत दोन ओळींत मावलं होतं. आमच्या शाखेत मात्र ते मावत नव्हतं. रांग फाटकाबाहेर जाऊन रसवंतीगृहापर्यंत पोचायची. कोणाचं आधार जोडलेलं नाही, कोणाचं नाव आधारवर 'बाई' लावून आणि पासबुकात 'बाई'वाचून, कोणाच्या खात्यात दोन महिन्यांचे तीन हजार आले ते किमान शिल्लक नसल्याचा दंड वळता होऊन कमी झालेले. ज्या बहिणीला ओवाळणीतून दंड कापल्याचं समजावून सांगायचं असतं, तिच्यापुढे बसलेल्या भावानं हातात राखी नसून पेन आहे ह्याबद्दल देवाचे आभार मानावेत.

अशा दिवशी मी डबा घरी विसरलो आणि भाचा तो घेऊन आला. डबा काउंटरपर्यंत येईना, कारण त्याला वाटेतच एका बाईनं धरलं होतं. शर्ट इस्त्रीचा, डोळ्यांवर चष्मा. तिला वाटलं हा साहेब.

"साहेब, शेजारणीचे आले, माझे का नाही आले?"

थेट लाभ हस्तांतरण, प्रारंभ १ जानेवारी २०१३. जनधन, आधार आणि मोबाईल ही त्रिसूत्री. हे सगळं त्याच्या तोंडावर आलेलं मला काचेतून दिसत होतं. पण बाईंचे तीन हजार कुठे आहेत हे त्यात नव्हतं. त्यानं माझ्याकडे पाहिलं. चार वर्षांत पहिल्यांदाच प्रश्न त्याला पडला होता आणि उत्तर मला येत होतं.

"त्यांना विचार," मी म्हणालो, "आधार सगळ्यात शेवटी कुठल्या बँकेत दिलं होतं?"

बाई आठवू लागल्या. गावाकडे, बचत गटाचं खातं उघडताना दिलं होतं. "मग पैसे तिकडे गेले असणार," मी म्हणालो. "आधारला जे खातं शेवटी जोडलं, त्यात जमा होतात. फॉर्मवर कुठलंही लिहा." बाईंचा चेहरा असा उजळला की तीन हजार मीच दिले. जाताना त्या भाच्याला म्हणाल्या, "बरं झालं साहेब, तुम्ही विचारलंत."

"मामा, हे कुठल्या पुस्तकात आहे?" त्यानं डबा देताना विचारलं.

"कुठल्याच नाही."

त्याच आठवड्यात तो दोन रात्री घरी आला नाही. फोन केला तर म्हणाला, शास्त्री रोडवर आहे, आंदोलन चालू आहे. बातम्यांत पाहिलं. राज्यसेवेची पूर्व परीक्षा २५ ऑगस्टला, आणि आयबीपीएसची बँक क्लार्कची परीक्षाही त्याच दिवशी. परीक्षा पुढे ढकला, कृषिसेवेच्या जागाही तिच्यात घ्या, म्हणून शेकडो पोरं रस्त्यावर बसली होती. कृषीचं समजलं. आमचा गडी अ‍ॅग्रीवालाच. पण तारखेचं मला कळेना. २२ तारखेला आयोगानं परीक्षा पुढे ढकलली आणि तो दाढी वाढवून घरी आला, तेव्हा मी हसत विचारलं, "काय हो कलेक्टर, बँकेच्या परीक्षेशी तुमचं काय देणं-घेणं?"

तो हसला नाही. वहीतून एक कागद काढून त्यानं माझ्यापुढे ठेवला. कागद कापलेला नव्हता, छापील होता. त्यावर त्याचा फोटो, त्याची सही आणि खाली पद: क्लार्क.

"सत्तावीस पूर्ण झालीत मामा. क्लार्कला अठ्ठावीसपर्यंतच घेतात. आईला सांगू नका."

काउंटरवरच्या माणसाजवळ लोकांची बरीच गुपितं साठतात. हिंगाच्या वासाच्या त्या नोटांचं गुपित मी आजवर फोडलं नव्हतं. पण हे जड होतं. बँकेचं दार अठ्ठाविसाव्या वर्षी बंद होतं. दिल्लीच्या परीक्षेचं दार खुल्या वर्गाला बत्तीसपर्यंत आणि राज्यसेवेचं अडतीसपर्यंत उघडं असतं. मला आजवर वाटायचं, बंद होणारं दार वाईट. त्या रात्री वाटलं, उघडं राहणारं दारच जास्त वाईट. बंद दारासमोरून माणूस मुकाट्यानं घरी तरी जातो.

"अभ्यास झालाय?" मी विचारलं.

"गणिताचा नाही."

त्या रात्री साडेबारापर्यंत मी त्याला सरळव्याज, चक्रवाढव्याज आणि भागीदारी शिकवली. बी. कॉम. झाल्यापासून माझ्या पदवीचा एवढा उपयोग कोणी केला नव्हता.

दोन्ही परीक्षा त्यानं दिल्या. १ डिसेंबरची राज्यसेवेची पूर्व थोडक्यात हुकली. बँकेची यादी २०२५ च्या एप्रिलात लागली, तिच्यात नाव होतं. जालना जिल्ह्यातली एक शाखा मिळाली. ताईला मीच फोन केला. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "तिथं जेवायची सोय काय रे?" भावकी आता त्याला 'मॅनेजर' म्हणते. पुढच्या वीस वर्षांची काळजी मिटली.

तो पुन्हा परीक्षा देणार आहे म्हणतो. देईल. पण रात्री साडेनऊला फोन येतो तेव्हा आता प्रश्न वेगळे असतात. गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या सप्टेंबरात, लाडक्या बहिणींना ई-केवायसी करायला सांगितली. ते काम बँकेचं नव्हे, पण गावात जो वाचतो त्याच्याकडे सगळे जातात. एका रात्री त्याचा आवाज अगदी उतरलेला होता.

"मामा, एक बाई आल्या होत्या. त्यात नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार नंबर मागतात. नवरा वारलेला, वडीलही वारलेले. त्यांनी कोणाचा आधार द्यायचा?"

मला उत्तर आलं नाही. ह्यावेळी आम्ही दोघेही नापास.

नोव्हेंबरात सकाळी चहा घेताना पेपरात वाचलं: मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली, आणि अशा बायकांनी स्वतःची केवायसी करून मृत्यूचा दाखला अंगणवाडी सेविकेकडे द्यायचा. मी उठलो, कपाटातून कात्री काढली आणि बातमी नीट चौकोनी कापली. मोबाईलवर फोटो पाठवता आला असता, पाठवलाही. पण हातानं कापलं की डोक्यात राहतं.

"अहो, हे काय?" सौ.चा आवाज आला. पेपर तिनं तोंडासमोर धरला होता आणि भोकातून ती माझ्याकडे बघत होती. "आता तुम्ही सुरू झालात? शब्दकोडं गेलं की तुमचं!"