निळी ज्योत

धाकट्या भावाने मोठ्या बहिणीचा सल्ला घ्यावा, अशा गोष्टी जगात आता फार थोड्या उरल्या आहेत. म्हणून उन्हाळ्याच्या सुटीत अमेरिकेत मिलवॉकीला भावाकडे गेले असताना तो जेव्हा म्हणाला, "ताई, गॅसची शेगडी घ्यायची आहे, चल ना बरोबर," तेव्हा मला मनातून आनंदच झाला. शेगडीतले आपल्याला चांगले कळते, असा माझा समज आहे. मोटारीत बसल्यावर सहज विचारले, "घरात चार ज्योतींची शेगडी आहे की रे! ही आणखी कशाला?"

"घरी बिअर करायची आहे." रस्त्यावरची नजर न काढता तो म्हणाला.

मी गप्प झाले. आमच्या आप्पांच्या घरात दारूचे नावही निघत नसे. आठ वर्षांपूर्वी भावाच्या हातातला फेसाळ पेला त्यांनी एका फोटोत पाहिला आणि त्या दिवसापासून त्याच्याशी फोनवर बोलणे सोडले. दोन वर्षांनी आप्पा गेले. अबोला मात्र तसाच राहिला.

"पण हा गुन्हा नाही ना?" मी विचारले. तो हसला. अमेरिकेने १९७८ मध्ये कायदा करून घरच्या बिअरला मोकळीक दिली आहे. घरात दोन सज्ञान माणसे असली, तर वर्षाला दोनशे गॅलनपर्यंत चालते. विकायची मात्र नाही. आपल्याकडे १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. परवान्यावाचून घरी असा उद्योग केला, तर पोलीस दाराशी यायचे!

दुकानात शेगड्यांच्या खोक्यांवर उष्णतेचे मोठमोठे आकडे छापलेले होते. भाऊ इंजिनिअर, तो सर्वांत मोठ्या आकड्याकडे धावला. मी म्हटले, "अरे, आधी भांडे सांग, मग जाळ सांगते." भांडे चाळीस लिटरचे आणि त्यात एका वेळी पंचवीस लिटर रस उकळायचा. स्वयंपाकघरातल्या शेगडीवर त्याला उकळी फुटायलाच दीड-दोन तास लागायचे, तेव्हा मोठी शेगडी हवी हे खरेच. पण एक शेगडी उंच, काटकुळ्या पायांची होती. भरल्या भांड्यासकट कलंडायची. दुसरीचा जाळ एकाच तोंडातून भसाभस निघणारा. अर्धा भांड्याच्या कडेने वाया जायचा. शेवटी ठेंगणी, ऐसपैस पायांची, रुंद कड्याची शेगडी घेतली. तिला जोगा रेग्युलेटर आणि पोलादी जाळीची नळी तिच्याबरोबरच होती.

घरी आलो तर मिशिगन सरोवरावरून वारा सुटलेला. भाऊ म्हणाला, "गॅरेजमध्येच मांडू. दार थोडे उघडे ठेवले की झाले."

"मुळीच नाही!" माझा आवाज मलाच आप्पांसारखा वाटला. बंद जागेत एवढा जाळ तासभर पेटला, तर कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला ना रंग ना वास. माणूस झोपेत जावा तसा जातो. शिवाय हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर जमिनीलगत साचून राहतो. अखेर अंगणातल्या फरशीवर, घरापासून दूर शेगडी मांडली. वाऱ्याच्या अंगाला पत्रा उभा केला आणि सिलिंडर नळी पुरेल तितका लांब ठेवला.

तो पेटवणार, एवढ्यात मी त्याचा हात धरला. वाटीत साबणाचे पाणी केले आणि केकला लोणी लावायच्या ब्रशाने प्रत्येक जोडावर लावले. शेगडीजवळच्या जोडावर टपोरे बुडबुडे उठले. तो जोड पान्याने आवळल्यावर बुडबुडे थांबले. पेटवली तर ज्योत पिवळी. म्हणजे हवा कमी, भांडे काळे होणार. हवेची झडप थोडी उघडताच ज्योत निळी झाली आणि स्थिर आवाज करू लागली.

"हे साबणाचे कुठे शिकलीस?"

"आप्पांकडून. कित्येक वर्षे वाट पाहून आपल्याकडे गॅस आला, तेव्हा तू पहिलीत होतास. दर नव्या सिलिंडरला आप्पा दाढीच्या ब्रशाने जोडावर फेस लावून बघायचे."

भांड्यात मोड आणून वाळवलेल्या बार्लीचा गोड रस होता. नाचणीचे सत्त्व करणाऱ्या बाईला त्यात परके काय वाटणार? मद्य त्यात नंतर, निवल्यावर यीस्ट घातले की होते. तोवर तो निष्पाप काढाच, अशी मी मनाची समजूत घातली.

मग मी म्हटले, "तुझा रविवारचा फोन झाला, की आप्पा वर्तमानपत्र तोंडासमोर धरून मला विचारायचे, 'तिकडे रात्री गॅस बंद करतात ना?' दर रविवारी. शेवटपर्यंत."

तो कितीतरी वेळ ज्योतीकडे पाहत राहिला. "तू मला हे कधी सांगितलं नाहीस, ताई."

मी काय बोलणार? आप्पा विचारतात हे कुणाला सांगायचे नाही, असे मीच ठरवून टाकले होते. त्यांचा मान राखला असे मला वाटे. त्यात भावाचे काय हरवले, ते त्या संध्याकाळी कळले.

इतक्यात फेस काठापर्यंत चढला. तो गोंधळला, पण जन्मभर दुधावर नजर ठेवलेला माझा हात आपोआप चावीकडे गेला. फेस खाली बसला.

ती बिअर तयार व्हायच्या आत मी परतले. असते तरी प्याले नसते. आप्पांचे म्हणणे मला आजही पटते. पण आता रविवारी भावाचा फोन आला, की ठेवण्यापूर्वी मी विचारते, "गॅस बंद केलास ना रे?"

"केला, ताई," तो म्हणतो. आणि मग दोघांनाही क्षणभर फोन ठेववत नाही.