पाचशे मिलिग्रॅमची कॅप्सूल, दहा किलोचं मूल

जागतिक आरोग्य संघटनेची आवश्यक औषधांची पहिली यादी १९७७ची. मुलांची वेगळी यादी यायला २००७ उजाडलं. मधली तीस वर्षं मोठ्यांच्या गोळ्या मोडण्यात गेली.

•

आपली पहिली राष्ट्रीय यादी १९९६ची. २०२२च्या आवृत्तीत ३८४ औषधं आहेत. मुलांची स्वतंत्र सरकारी यादी मात्र तेव्हाही निघाली नाही. सिरप आणि ड्रॉप्स मोठ्यांच्याच यादीत दाटीवाटीने बसतात. इंडियन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने मात्र २०११मध्ये स्वतःची यादी केली होती.

•

मुलांची जागतिक यादी आणि आपली राष्ट्रीय यादी शेजारी ठेवून नावांवर खुणा करत गेलं की बरं वाटतं. पॅरासिटामॉल आहे, ओआरएस आहे, झिंक आहे. फसगत इथेच होते. वाचायचं ते नावापुढचं: गोळी की सिरप, आणि किती मिलिग्रॅम.

•

हायड्रॉक्सीयुरिया घ्या. गडचिरोली-नंदुरबारकडच्या सिकलसेलच्या मुलांचं औषध. नाव दोन्हीकडे आहे. आपल्याकडे ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल. जागतिक यादीत २०० मिलिग्रॅमचीही सोय. मुलांची सुरुवातीची मात्रा किलोमागे रोज साधारण १५ ते २० मिलिग्रॅम, म्हणजे दहा किलोच्या पोराला दीडशे ते दोनशे. मग कॅप्सूल फोडा, पाण्यात कालवा, त्यातलं मोजून पाजा. औषध पेशींवर मारा करणारं, गरोदर बाईने उघड्या हाताने हाताळू नये असं. आणि घरी ती कॅप्सूल फोडणार कोण? बहुधा आईच.

•

राष्ट्रीय यादीचा संबंध थेट खिशाशी आहे. २०१३च्या औषध किंमत नियंत्रण आदेशानुसार कमाल किंमत ठरते ती यादीतल्या औषधाची, त्यात नमूद केलेल्या प्रकाराची आणि ताकदीची. मुलांच्या मापाची गोळी यादीत नसेल, तर ती कमाल किंमत तिला लागू नाही.

•

मुलांसाठी वेगळी गोळी करणं जमत नाही असं नाही. पाण्यात विरघळणारी, चवीची, मुलांच्या मापाची क्षयरोगाची एकत्रित गोळी २०१५च्या अखेरीस आली. केनियाने ती २०१६मध्ये देशभर सुरू केली.

•

यादीत काय नाही, तेही पाहावं. जागतिक यादीत मुलांसाठी खोकल्याचं सिरप नाही. आपल्याकडे घरटी एक बाटली. (२०२५मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात मुलांना दिलेलं खोकल्याचं सिरप आठवा. त्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन निघालं. कित्येक मुलं नागपूरला हलवावी लागली.)

•

मुलाच्या चिठ्ठीवर ‘अर्धी गोळी’ दिसली, तर त्याच्या मापाचं औषध मिळतं का, हे डॉक्टरांना आणि औषधवाल्याला विचारा. आणि सावकाश विरघळणारी गोळी विचारल्याशिवाय मोडू नका.