माटोळीच्या छायेत पेडणे

माझे आजोळ पेडणे तालुक्यातील कोरगावचे. वडोदऱ्यात आमच्या घराण्याच्या चार पिढ्या गेल्या, तरी आईच्या बोलण्यातले ‘आमचे पेडणे’ अखेरपर्यंत सुटले नाही. दोन वर्षांपूर्वीच्या भाद्रपदात, फार दिवसांच्या खंडानंतर, चतुर्थीसाठी तिकडे जाण्याचा योग आला. निघताना मनावर एक लहानसे ओझे होते. आमच्या येथील मंडळाच्या वास्तूपुढे, दर्शनी जागेत, एखादी कलाकृती उभारावी असे कार्यकारिणीत घाटत होते. थोडी शिल्लक गाठीशी होती. एका सभासदांनी फायबरचा अश्वारूढ पुतळा सुचविला होता, दुसऱ्यांनी रंगीत दिव्यांचे कारंजे. परत आल्यावर मला माझे मत द्यावयाचे होते, आणि मत काही केल्या बनत नव्हते.

वडोदऱ्याच्या माणसाला कला म्हटली की सयाजीराव महाराज आठवतात, यात नवल ते काय? त्यांनी बोलाविलेल्या नंदलाल बोस यांनी कीर्तिमंदिराच्या भिंतींवर १९३९ ते १९४६ या काळात गंगावतरणापासून महाभारतापर्यंतचे प्रसंग रंगविले. तांबेकरांच्या वाड्यातील भित्तिचित्रे त्याहूनही जुनी. या वैभवाचा आम्हांला अभिमान आहे. परंतु त्यातून नकळत एक समजूतही रुजली आहे, की कला ही कोणा थोराने करवून घ्यावी, आणि आपण रविवारी मुलांना नेऊन ती दाखवावी. आपल्या हातून ती व्हावी, असे कोणाच्या मनातही येत नाही.

थिवी स्थानकावर उतरून कोलवाळच्या पुलावरून शापोरा नदी ओलांडली, की पेडणे तालुका सुरू होतो. उत्तरेला तेरेखोल नदी, पलीकडे सिंधुदुर्ग. मधल्या या चिंचोळ्या मुलखाला किनाऱ्यावर मोरजी, मांद्रे, हरमल, केरी ही आता जगभरच्या प्रवाशांच्या तोंडी असलेली गावे आहेत, आणि आत वळले की भातशेती, कुळागरे आणि जांभ्या दगडाचे विस्तीर्ण सडे. सावंतवाडीकर भोसल्यांकडून १७८८ साली हा प्रदेश पोर्तुगिजांकडे गेला. डिचोली आणि सत्तरी त्यापूर्वी काही वर्षे. सासष्टी-बारदेशात सोळाव्या शतकात देवळे पाडली गेली, तो कहर या ‘नव्या काबिजादीं’च्या वाट्याला आला नाही. येथील जत्रा, मांड, तरंगे आणि अंगणातील वृंदावने अखंड चालत राहिली. त्यामुळे पेडण्यात जे दिसते ते कोणी पुन्हा शोधून काढलेले नाही. ते कधी थांबलेच नव्हते.

पेडणे शहरात शिरताच भगवतीच्या देवळापुढील दोन प्रचंड हत्ती दिसतात. लहानपणी आई मला त्यांच्यापुढे उभे करून म्हणे, “हे बघ, आमचे हत्ती.” ‘आमचे’ या शब्दावर ती जो जोर देई, त्याचा अर्थ मला या खेपेस उमगला.

मामीच्या घरी पोचले तेव्हा चतुर्थीला दोन दिवस होते. मामीचे वय आता ऐंशीच्या घरात. पाट जूनमध्येच चित्रशाळेत पोचला होता. आमच्याकडे गणपती आयता विकत घेण्याची चाल नाही. घरचा पाट मूर्तिकाराकडे द्यावयाचा आणि त्यावरच चिकणमातीची मूर्ती घडवून आणावयाची. मागची भिंत भाच्याच्या मुलींनी रंगविली होती. मोर थोडासा बदकाकडे झुकला होता, पण त्याविषयी कोणी चकार शब्द काढला नाही. उरली होती माटोळी.

महाराष्ट्राबाहेरच्या, विशेषतः गुजरात-माळव्याकडच्या वाचकांना माटोळी ठाऊक नसेल म्हणून सांगते. गणपतीच्या मस्तकावर, छताला लाकडी वा बांबूची चौकट टांगतात आणि तिला त्या ऋतूतली फळे, फुले, शेंगा, पाने बांधतात. नारळ, सुपारीचे घोस, केळी, तोरिंजन, आंबाडे, निरफणस, चिबूड, काकडी ही झाली परसातली मंडळी. पण माटोळीचा खरा मान रानाचा. लालभडक कवंडळ, कांगलांचे झुबके, घागऱ्या, हरणाची पिवळी फुले, ज्योतीसारखी कळलावी, पांढऱ्या पानांची शेरवड. हे सारे बांधावयाचे केवणीच्या सालीच्या दोराने. सिंधुदुर्गात हिलाच माटी अथवा माटवी म्हणतात. पावसाने त्या वर्षी जमिनीतून जे जे वर आणले, त्याची ही जणू हजेरीच. शंकर-पार्वतीच्या लेकराला मखराऐवजी अवघे रान छत म्हणून द्यावे, ही कल्पना ज्या कोणाला प्रथम सुचली, त्याचे नाव कोणत्याही शिलालेखात नाही.

मी दोन दिवस ती बांधणी पाहत होते. मामी खुर्चीवर बसून केवळ बोटाने दाखवी. “अगो बाय, कवंडळ कडेला नको, मध्ये घे. सुपारीच्या शिपटीच्या बाजूला तांबडे दिसते बरे.” कोणत्याही चित्रकला महाविद्यालयात रंगसंगती याहून थोडक्यात शिकवीत नसतील. शेजारच्या घरून कांगले आली, वाड्यावरच्या एका म्हाताऱ्याने न सांगता केवणीचा भारा आणून टाकला, आणि त्याच्याकडे आमच्या परसातली तोरिंजने गेली. चतुर्थीच्या दिवशी आरतीची मंडळी घरोघर फिरू लागली, तेव्हा प्रत्येक जण मूर्तीला हात जोडून लगेच मान वर करी. “हरणे कुठे मिळाली?” “घागऱ्या कोणी आणल्या?” गावातल्या प्रत्येक घराचे दार उघडे, प्रत्येक घरात एक प्रदर्शन, आणि पाहणारा स्वतःही कर्ताच! पाच-सात दिवसांनी सगळे सुकते, उतरवले जाते. पुढल्या वर्षी पुन्हा आरंभापासून.

ते उतरवले जाते म्हणूनच ती कला टिकली, असे मला तेथे वाटले. एकदा बांधून कायमची ठेवली असती, तर दुसऱ्या पिढीला बांधण्याचे कारण उरले नसते.

मात्र या खेपेस घागऱ्या आल्या नाहीत. भाचा दोनदा जाऊन रिकाम्या हाताने परतला. ज्या उतारावर मामी त्याला धाडीत होती, तो विकला गेला होता आणि आता त्याला उंच कुंपण होते. मामी काही बोलली नाही. घागऱ्यांच्या जागी तिने दोडकी बांधायला सांगितली. पण रात्री निजताना म्हणाली, “जागा ठेवली होती हो त्यांची.” मला त्या वाक्याने बराच वेळ झोप आली नाही.

भाचा मोप्याच्या विमानतळावर नोकरीला आहे. तालुक्यातील मोप्याच्या सड्यावर हा मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ ११ डिसेंबर २०२२ रोजी उद्घाटित झाला आणि जानेवारी २०२३ पासून तेथून विमाने उडू लागली. सड्यावरच्या झाडांचा आणि पर्यावरणाचा प्रश्न त्याआधी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता; २०१९ च्या मार्चमध्ये न्यायालयाने पर्यावरण परवाना स्थगित केला आणि २०२० च्या जानेवारीत ती स्थगिती उठविली. भाच्याच्या घरात आज चूल नीट पेटते ती या विमानतळामुळे, हे मी कसे विसरू? पण पावसाळ्यात ज्या सड्यांवर माटोळीची निम्मी सामग्री उगवते, ते सडे एकामागून एक दुसऱ्या कामी जात आहेत, हेही तितकेच खरे. विमानतळाच्या इमारतीत गोव्याचे दर्शन घडावे म्हणून आझुलेजो, म्हणजे निळ्या-पांढऱ्या चित्रांच्या फरशा, मुबलक वापरल्या आहेत. आझुलेजो सुंदरच असतात. पणजीत मेनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनात कामोइंश कवीच्या महाकाव्यातील प्रसंग दाखविणाऱ्या फरशा आहेत, त्या मी आवर्जून पाहिल्या आहेत. परंतु तो अलंकार पणजीचा. पेडण्याच्या सड्यावर उतरणाऱ्या पाहुण्याचे स्वागत भाद्रपदात एखाद्या माटोळीने केले, तर ती बांधायला त्याच इमारतीत काम करणारे पन्नास हात सहज मिळतील. भाच्याला हे सांगितले तर तो हसला. “आत्ये, चवथीला सुट्टी मिळाली तरी पुरे.” त्याला त्या दिवशी दुपारची पाळी होती.

टिकाऊ कला येथे नव्हती असे नाही. कावी ही कोकणपट्टीची खास भित्तिकला. शिंपल्यांचा चुना, धुतलेली रेती आणि गूळ एकत्र भिजवून, कुजवून, कुटून त्याचा गिलावा करीत. त्यावर तांबड्या कावेचा थर चढवीत, आणि तो ओला असतानाच लोखंडी कंट्याने खरवडून खालचा पांढरा चुना उघडा करीत. तांबड्या भूमीवर पांढऱ्या रेषांची वेलबुट्टी, देवदेवता, पशुपक्षी उमटत. चारी बाजूंची माती आणि समुद्राचा शिंपला, एवढेच त्याचे भांडवल. गोव्यात आणि कारवारकडे ठिकठिकाणी जीर्णोद्धाराच्या उत्साहात या भिंती पाडल्या गेल्या, त्यांवर ऑइलपेंट चढला किंवा चकचकीत फरशा बसल्या. श्रद्धेत खोट नव्हती. पण ज्याला भिंत रंगवता येत होती तो कारागीर त्याच्या मुलाला ती विद्या न देताच गेला होता. भिंत गेली ती नंतर.

सरकारचे प्रोत्साहन नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. गोवा सरकारचे कला व संस्कृती संचालनालय दर वर्षी माटोळी सजावटीची स्पर्धा घेते. त्यात शेकडो प्रकारच्या वनस्पती मांडल्या जातात, फळाफुलांतून चित्राकृती साकारतात, आणि विसरत चाललेली नावे पुन्हा उच्चारली जातात. हा लाभ मोठा. पण बक्षिसासाठी संख्या वाढवावयाची तर रान ओरबाडले जाण्याचा धोकाही आहेच. मामीचे मत विचारले तेव्हा ती म्हणाली, “गणपतीला मोजता येते की नाही ठाऊक नाही, पण त्याने कधी मोजले नाहीत.”

स्पर्धा चांगली कशी होते ते मी डिचोली तालुक्यात पाहिले होते. साखळीजवळ विठ्ठलापूरला, त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री, वाळवंटी नदीत घरी बनविलेल्या नौका सोडतात. दिव्यांनी उजळलेली गलबते, मोर, देवळांचे आकार, आणि त्यांच्यामधून केळीच्या सोपांवरच्या साध्या पणत्या. बक्षीस कोणालाही मिळो, पाण्यात सगळ्यांचीच प्रतिबिंबे पडतात. काठावर एक दहा-बारा वर्षांचा मुलगा आपली कलंडलेली होडी पुन्हा सरळ करण्यासाठी कमरभर थंड पाण्यात उतरला, आणि त्याच्या बापाने त्याला अडविले नाही. नरकासुराचे मात्र मला तितकेसे रुचत नाही. दिवाळीच्या आदल्या रात्री मुले गवत-कागदाचे अक्राळविक्राळ असुर उभारतात आणि पहाटे जाळतात. कल्पना उत्तम, पण मुखवटे आता बाजारात आयते मिळतात, आणि कर्ण्यांचा आवाज असा की खरा नरकासुरही पळून जाईल.

पेडण्याची खरी रात्र कोजागरीची. ‘पेडण्याची पुनव’ म्हणून ती प्रसिद्ध आहे. दसऱ्यापासून रवळनाथ आणि भूतनाथ यांची तरंगे सजतात. उंच खांबांना रंगीत लुगडी नेसवतात; निऱ्या अशा बारीक, की नेसविणाऱ्याचा हात पाहत राहावा. लहानपणी आईच्या खांद्यावरून मी ती गर्दी पाहिली होती. लोक सांगतात, भूतनाथाला एका रात्रीत देऊळ बांधून हवे असते. तो रुसून रानाकडे निघतो. गावकरी त्याची मनधरणी करतात, आश्वासन देतात, आणि त्याला परत आणतात. दर वर्षी तेच मागणे, तेच आश्वासन. तेव्हा मी आईला विचारले होते, “मग ते बांधत का नाहीत?” आई म्हणाली, “बांधले तर पुढल्या वर्षी तो येईल कशाला?”

वडोदऱ्याला परतल्यावर कार्यकारिणीच्या बैठकीत मी घोडाही नको आणि कारंजेही नको, असे सांगितले. मंडळाच्या सभागृहात चतुर्थीला माटोळी बांधू या; शिल्लक आहे ती पुढील वीस वर्षांच्या चौकटीला, शिडीला आणि चहाला पुरेल. बरीच चर्चा झाली. “ही तर सजावट, कला कुठे?” असेही एकांनी विचारले. अखेर एक वर्ष करून पाहावे, पुतळ्याचा विषय तोवर खुला ठेवावा, असे ठरले. तो अद्याप खुलाच आहे.

गेल्या चतुर्थीला खंडेराव मार्केटातून शिंगाडे, कंटोली, कच्ची सीताफळे, कवठे, परवल, गलकी, कमळाचे देठ आले. पादऱ्याकडच्या एका कुटुंबाने शेतातले कपाशीचे बोंड आणि दिवेलाच्या, म्हणजे एरंडाच्या, काटेरी घडांच्या फांद्या आणल्या. मंडळात वर्षानुवर्षे मागच्या रांगेत बसणारे एक निवृत्त गृहस्थ शिडीवर चढले ते दोन तास उतरलेच नाहीत. कंटोली कडेला की मध्ये, यावरून दोन सासवासुनांत गोड भांडण झाले. चौकट एका बाजूला किंचित कललेलीच राहिली.

रात्री मामीला दूरध्वनीवर सगळे वर्णन करून सांगितले. तिने एकेका फळाचे नाव दोनदा विचारून घेतले. कपाशीचे बोंड ऐकून ती खुलली. मग म्हणाली, “आणि बांधले कशाने?”

“सुतळीने.”

पलीकडे जरा वेळ शांतता.

“सुतळी कित्याक गो? केवण मी धाडले असते. थोडे वाळवून ठेवते, कोणी येणारा असला तर सांग. आणि एक कोपरा रिकामा ठेव. घागऱ्या मिळाल्या तर त्याही पाठवीन.”